वाटीखालचं कापड

हेमाआत्या आमच्या घरी आली की आधी पडदे ओढायची आणि मग चपला काढायची. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत बाटल्या असायच्या, एकूण एक चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. डब्यातल्या चपात्या मात्र वर्तमानपत्रात. "अगं, निदान चपात्यांना तरी फॉइल लाव," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, "चपातीला उजेडाचं काय दिन्या? ती थोडीच वाकते?"

बाटलीतलं काहीतरी उजेडात वाकतं, एवढीच माझ्या ज्ञानात त्या दिवशी भर पडली. मी रसायनशास्त्रात नापास होऊन पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यात आलेला माणूस. वडिलांचे कामतघरचे माग विकले गेल्यावर त्याच शेडमध्ये मी खोकी रचून ठेवतो. भिवंडीला इतकी गोदामं आहेत की माझ्यासारख्याचंही पोट भरतं. आत्या वडिलांची धाकटी बहीण, कॉलेजात रसायन शिकवायची. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "प्रयोग चालू होता."

तो प्रयोग तिने मला शेवटी मागाच्या भाषेत सांगितला. वीज वाहून नेणारं एक प्लास्टिक असतं. ते कापडावर चढवायचं, म्हणजे कापडातूनच वीज खेळेल. अडचण एवढीच की त्याचे रेणू शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. "एवढे सगळे आहेत, पण रांगेत उभे राहतील तर शपथ," आत्या म्हणायची. "रांग लागल्याशिवाय वीज पुढे सरकत नाही रे."

"मग रांग लावायची कशी?"

"मागावर बीमवरचे उभे धागे संपतात तेव्हा आपण काय करतो? जुना ताणा उपसून टाकतो का? त्याची टोकं ठेवतो, नवा धागा त्यांना गाठतो आणि ओढतो. नवा धागा आपोआप फणीच्या त्याच घरातून जातो. जुन्याने वाट दाखवायची आणि मग निघून जायचं. माझ्या बाटलीत तेच आहे. वाट दाखवणारे रेणू. अंधारात ताठ उभे राहतात, उन्हात वाकतात. ते ताठ असेपर्यंत बाकीचे त्यांच्या कडेने रांग धरतात."

"मग ते जातात कधी?"

"तेच तर अडलंय," ती म्हणाली. "त्यांना धुऊन काढलं की रांग मोडते."

रांग लागली की नाही हे पाहायला तिच्याकडे काट्याचा एक जुना मीटर होता. त्याच्या दोन पिना कापडाला टेकवायच्या. वीज गेली तर काटा उठतो. त्यामुळे ती माणसांच्या तब्येतीचीही तशीच चौकशी करायची. फोनवर पहिलं वाक्य, "काय रे, काटा हलतोय ना?"

तिच्या निवृत्तीचं वर्ष होतं. कॉलेजात तिला जिन्याखालची एक अंधारी खोली मिळालेली, आणि ती गेल्यावर तिथे झेरॉक्सचं मशीन बसणार होतं. आत्याला स्वतःची फिकीर नव्हती. तिच्या हाताखाली नाझनीन नावाची मुलगी पीएचडी करत होती, गावातल्या जुन्या मागवाल्या घरातली. ती खोली गेली की नाझनीनचं अर्धं झालेलं काम गेलं. बाहेरून दोन परीक्षक येणार होते. त्यांना वीज वाहून नेणारा नमुना दाखवला तर खोली राहील, असं प्राचार्यांनी कबूल केलं होतं.

नेमक्या परीक्षा सुरू झाल्या आणि कॉलेजची प्रयोगशाळा अडकली, जिन्याखालच्या खोलीतही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. म्हणून आत्याने कापडाचे ओले तुकडे आमच्या घरालगतच्या शेडमधल्या बिनखिडकीच्या खोलीत दोरीवर वाळत घातले आणि आईला बजावलं, "वहिनी, दार उघडू नका." आणि ती परीक्षेच्या ड्युटीवर गेली.

माझी आई कोन गावची. मागवाल्यांच्या घरात सून म्हणून आल्यापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: ओलं कापड अंधारात राहिलं की कुबट होतं आणि कुबट कापड म्हणजे घराण्याची अब्रू गेली. दाराखालून तिला तो ओला वास आला. तिने तुकडे उचलले, गच्चीवर पापडांशेजारी चादरीवर नीट मांडले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक स्टीलची वाटी पालथी घातली.

आत्या आणि नाझनीन दुपारी आल्या तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, "खरखरीत वालवून ठेवलंय गो तुजं कापड."

आत्या गच्चीच्या पायरीवर बसली.

"काय झालं? चुकलं का काय माजं?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी पापडांकडे बघायला लागलो.

नाझनीन गुडघे टेकून एकेका तुकड्याला पिना लावत होती. काटा झोपलेला. "मॅडम, सब गया," ती हळूच म्हणाली. "परवा काय दाखवायचं?"

आईने डोळ्यांना पदर लावला. आत्याने ते पाहिलं आणि ती उठली. "असू दे वहिनी. वाट्या तरी आत न्या, तापल्यात," असं म्हणत तिने पदराने धरून एक वाटी उचलली. खाली कापडावर एक गोल होता, बाकीच्यापेक्षा गडद निळा. आत्याने नाझनीनच्या हातातून पिना घेतल्या आणि त्या गोलात टेकवल्या.

काटा उठला.

गोलाबाहेर टेकवल्या, पडला. आत, उठला. मग त्या दोघी चादरीवर रांगत एकेक वाटी उचलत सुटल्या. त्या नादात बरेचसे पापड मोडले, आणि जन्मात पहिल्यांदा आई त्यावरून कुणाला बोलली नाही.

परीक्षकांना आत्याने तेच कापड दाखवलं. एकाच तुकड्यावर रांग लागलेली आणि मोडलेली, शेजारी शेजारी. त्यांच्यातला एक जण म्हणे बराच वेळ ते न्याहाळत राहिला आणि मग त्याने विचारलं, "छान बेतलाय प्रयोग. कुणाची कल्पना?"

"आमच्या वहिनींची," आत्या म्हणाली. "पापडांबरोबर केला."

खोली राहिली. झेरॉक्सचं मशीन ग्रंथालयात गेलं.

निवृत्तीनंतर आत्या आमच्याकडेच राहायला आली आणि थोड्याच काळात आजारी पडली. डोकं दुखायचं, आणि शेवटी शेवटी तिलाच उजेड सोसेना. पडदे पुरेनात. तेव्हा माझा धंदा पहिल्यांदा तिच्या उपयोगी पडला. मी खोकी फाडून खिडकीच्या काचांवर पुठ्ठे लावले. घाईत लक्षात आलं नाही, पण छापील बाजू आत आली होती. 'नाजूक माल, सांभाळून हाताळा.' आत्याने पडल्या पडल्या वाचलं. "मला पार्सल केलंस की काय रे? पत्ता तरी नीट लिही."

आई दिवसभर तिच्या उशाशी त्या अंधारात बसून असायची. नाझनीन येऊन सांगायची, या वेळीही धुतल्यावर रांग मोडली. आत्या म्हणायची, "मोडू दे. आधी नीट घट्ट होऊ दे तिला, मग सोड. आपणच घाई करतो." नाझनीनने घाई केली नाही, पण आजार थांबला नाही. आत्या गेली तेव्हा खोलीत पुठ्ठ्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ होती. तीसुद्धा आईने पदर धरून अडवलेली.

त्यानंतर खिडकीवरचे पुठ्ठे काढायला आई मला हात लावू देईना. मी दोनदा गेलो, दोनदा परत आलो. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायची.

यंदा पापडांच्या दिवसांत नाझनीन आली. पिशवीतून तिने कापडाचा एक तुकडा काढला. त्यावर फॉइल नव्हतं. सरळ गच्चीवर गेली आणि भर उन्हात चादरीवर ठेवला. आई मागून लगबगीने आली, हातात वाटी. वाकून ती पालथी घालणार, तेवढ्यात नाझनीनने तिचा हात धरला.

"नको काकी. आता ऊन चालतं."

"आनि ते वाकनारं?"

"ते धुऊन काढलं. आता त्यात वाट दाखवणारं कुणी नाय राहिलं."

"आनि रांग?"

नाझनीनने आत्याचाच मीटर काढला आणि पिना आईच्या हातात दिल्या. पिना दोनदा घसरल्या. मग टेकल्या. काटा उठला आणि उठलेलाच राहिला. आई कितीतरी वेळ पिना सोडेना. पाठ भाजत होती, तरी आम्ही कुणी तिला उठवलं नाही.

शेवटी तिने पिना खाली ठेवल्या, वाटी उचलली आणि जिना उतरून गेली. थोड्या वेळाने खालून पुठ्ठा टराटरा फाडल्याचा आवाज आला. मी मदतीला धावलो, तर ती आत्याच्या खोलीत स्टुलावर चढलेली, अर्धी खिडकी मोकळी आणि तोंडावर ऊन.

"बघत काय ऱ्हायलास?" ती म्हणाली. "वरचा माजे हाताला येत न्हाय. तो तू काढ."