बिनस्प्रिंगचा दांडा

भवानीनगरच्या साखर कारखान्यात बॉयलर सांभाळणारे चिंतामणराव घोगरे आमचे शेजारी. यंत्रं बसवायला आलेल्या इटालियन फिटरनं परत जाताना त्यांच्यापुढं कॉफीची दोन पितळी यंत्रं ठेवली आणि एक घ्या म्हणाला. एकाच्या दांड्याला स्प्रिंग होती, दुसऱ्याचा दांडा नुसत्या हाताच्या जोरावर चाले. चिंतामणरावांनी दुसरं उचललं. "आत वाफंचं काय चाललंय, ते हाताला कळाय पायजे," म्हणाले.

मला ते यंत्र कधीच आवडलं नाही. स्टोव्हवर चढवलं की डोक्यावरच्या, जादा वाफ सोडायच्या बारीक भोकातून सापासारखं फुसफुसायचं, आणि कॉफी निघायची कडू जहर, जायफळाचा पत्ता नाही.

खंडेनवमीला त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, घरातल्या विळी-कोयत्यांसोबत तेही पूजेला काढलं. चिंच आणि राख लावून असं घासलं, की त्यात तोंड दिसावं. दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो, तर स्टोव्ह भडकलेला आणि यंत्र गप्प.

"आज कसं गुमान हाय बघा," प्रयागबाई मला कौतुकानं म्हणाल्या. "भोकात राख बसली, तवापासनं फुसफुस न्हाय."

गप्पांच्या नादात चिंतामणराव दांडा उचलत होते. तो त्यांच्या हाताला हिसडा देऊन वर उसळला. त्यांनी झटकन वरच्या भोकाकडं पाहिलं.

"समदी भाईर पळा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

आम्ही अंगणात आलो. मागं वळून पाहिलं, तर ते स्टोव्ह विझवायला खाली वाकत होते, आणि त्यांचं तोंड त्या लखलखीत पितळेत दिसत होतं.