अंतरपाट आणि तिसरा गिअर

परभणी जिल्ह्यात मोटारीला शिव्या देणारी माणसं त्या काळीही पुष्कळ होती, मोटारीला हळदकुंकू लावणारी तर त्याहून जास्त. पण मोटारीचं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या निजामी राज्यात एकच झाला असेल, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही भाचेमंडळी त्यांना आतोबा म्हणत असू. झरीला त्यांची काळी जमीन होती, बैलजोड्या होत्या, विहीर होती आणि मोटार होती. मोटार त्यांनी एका जहागीरदाराकडून घेतली होती, म्हणजे तिचं तारुण्य जहागीरदाराच्या अंगणात गेलं आणि उतारवय आतोबांच्या गोठ्याशेजारी. तिचं छत कापडी होतं, भोंगा रबरी फुग्याचा होता, आणि हँडल मारताना ती अशी धडपडायची की बैल दाव्याला हिसके देत. आतोबा तिला पाण्याने पुसत, धोतराच्या मागच्या सोग्याने कोरडी करत, आणि मग तोच सोगा आत्याच्या नजरेला पडू नये म्हणून दिवसभर तिच्यापुढे पाठमोरे होत नसत.

आतोबांचे कान हा झरीत कौतुकाचा आणि थोडा धास्तीचा विषय होता. जेवताना हातातला घास हातातच राहायचा, मान कलायची, आणि रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीविषयी निकाल लागायचा, "उजव्या चाकाचा आस कोरडा हाय. वंगण न्हाई घातलं हरामखोरानं." मग कुणीतरी पळत जाऊन गाडीवानाला थांबवायचं. गाडीवान चडफडत चाक काढायचा आणि आस खरोखरच कोरडा निघायचा. एकदा तर भर कीर्तनात त्यांनी बुवांना थांबवलं आणि मृदंगवाल्याला सांगितलं, "बाबा, डाव्या अंगाची कनीक वाळली तुझी. आदी ती बदल, मग देवाला बोलव." बुवा दुखावले, पण मृदंगाच्या तोंडावरची कणीक बदलल्यावर कीर्तन रंगलं हेही खरं.

मोटारीत बसायचं तर त्यांचा एक कायदा पाळावा लागे. गिअर बदलताना कुणी बोलायचं नाही. खुद्द तहसीलदारसाहेब एकदा शेजारी बसून सारावसुलीबद्दल काही फर्मावत होते, आतोबांनी ओठावर बोट ठेवलं, शांतपणे गिअर टाकला आणि मग म्हणाले, "हां, आता फर्मावा हुजूर." आत्या मागच्या सीटवर डोक्यावरून पदर घेऊन बसायची आणि गिअरची वेळ आली की एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरायची, कारण बांगड्यांची किणकिणही चालत नसे. लग्नानंतरच्या तिच्या आयुष्यातला बराचसा काळ असा बांगड्या धरण्यात गेला. आम्ही तिला चिडवायचो. ती म्हणायची, "देवळात घंटा वाजवतेत, मोटारीत न्हाई."

कायद्याला कारण होतं. त्या जुन्या मोटारीचे गिअर आजच्यासारखे सोशिक नव्हते. एकदा क्लच दाबायचा, दांडा मधोमध आणून सोडून द्यायचा, इंजिनाचा आवाज पाहिजे तितका उतरला की पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. पाहिजे तितका म्हणजे किती, हे दाखवणारा काटा मोटारीत नव्हता, तो आतोबांच्या कानात होता. मला शिकवताना ते म्हणाले होते, "आतमधी दोन चाकं फिरायलेत बघ. एक पळायलंय, एक चालायलंय. दोघायची चाल एक झाली की गाठ घालायची. तवर मधी अंतरपाट. मंगलाष्टका सरायच्या आदी अंतरपाट वढला तर कसं व्हईल?" त्यामुळे दांडा मधोमध असण्याला आमच्या घरात अंतरपाटच म्हणत. मला काही तो गिअर साधला नाही. आतोबांनी मला मास्तरकीचा सल्ला दिला आणि मी परभणीच्या शाळेत मास्तर झालो. शाळेला शुक्रवारची सुट्टी असे, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी झरीला हजर.

अशा माणसाच्या मोटारीने एके दिवशी ओढ्याच्या चढावर, सगळ्या गावासमोर, खर्रर्र असा आवाज काढला. शेजारून चाललेली मेंढरं उधळली. मेंढरांमागचा धनगर ओरडला, "मालक, मोटार दात खायलीय जनू तुमच्यावर!" आतोबा घरी आले, जेवले नाहीत, आणि त्या दिवसापासून गिअरचं दुखणं शोधायच्या मागे लागले.

आधी संशय क्लचवर. पायडल थोडं सैल केलं, थोडं आवळलं, खरखर होतीच. मग संशय तेलावर. आत्याची भाकरीची परात गिअरपेटीखाली गेली, जुनं तेल तिच्यात उतरलं, आणि आतोबा उन्हात बसून ते दोन बोटांत चोळत राहिले, त्यात लोखंडाचा कीस चमकतो का बघत. कीस नव्हता. मग पेटीचं झाकण उघडलं आणि बाजारात बैल घेताना बघतात तसे त्यांनी चाकांचे दात बघितले. एकेक दात बोटाने चाचपून म्हणाले, "जनावर म्हातारं न्हाई अजून." नवं दाट तेल घातलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यात वाटीभर एरंडेलही ओतलं. घरात कुणाचंही काहीही बिघडलं की आत्या एरंडेल देत असे, आणि आतोबांचा त्या उपायावर विश्वास होता, फक्त तो स्वतःवर करून घ्यायची तयारी नसे. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर पुन्हा खर्रर्र.

शेवटी परभणीहून स्टेशनाजवळचा मिस्त्री आणला. तो मोटार घेऊन ओढ्यापर्यंत गेला आणि आला. आतोबा मागे बसलेले. मोटारीने हूं की चूं केलं नाही. मिस्त्री उतरून म्हणाला, "हजरत, गाडी तो मक्खन है. आवाज काँ है?" आतोबा ओशाळून म्हणाले, "परक्या मानसासमोर लाजली." मिस्त्रीने नजर लागल्याचं निदान केलं आणि लिंबू बांधायला सांगितलं. आतोबांनी तेही बांधलं. मिस्त्री गेल्यावर त्यांनी मोटार काढली, आणि लिंबासकट खर्रर्र.

गावाला हसायला विषय मिळाला, पण घरात तो हसण्यावारी राहिला नाही. शेवंताचं, म्हणजे आतोबांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न चारठाण्याला ठरलं होतं. ती लहान असताना मोटारीच्या पायफळीवर उभी राहून म्हणायची, "बाबा, मी सासरी बैलगाडीत न्हाई जानार," आणि आतोबांनी शब्द दिला होता, "तुला म्या नेतो. मोटारीत. माझ्या हातानं." आतोबांचे थोरले बंधू घराचे कर्ते, त्यांनी आता ओसरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पाव्हन्यायसमोर ही शोभा नको. लग्नाच्या आत खरखर गेली न्हाई तर पोरगी बैलाच्या दमनीत बसून जाईल, आन् मोटार इकायची." दुसऱ्या दिवशी आतोबांनी गिअरपेटीचं झाकण पुन्हा उघडलं. त्यांची ती वाकलेली पाठ मला अजून दिसते, आणि त्याआधी आम्हीही हसलो होतो याचं वाईट वाटतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी आणि आतोबा जेवायला बसलो होतो. दारावरून एक बैलगाडी गेली, आणि तिचा आस असा किंचाळत होता की ओसरीवरचं कुत्रं उठून बाहेर गेलं. मी सवयीने हात थांबवला आणि आतोबांच्या निकालाची वाट पाहू लागलो. आतोबा खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. गाडी गेली, किंचाळणं लांब गेलं, त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. मी आत्याकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.

जेवणं झाल्यावर मी गोठ्यात तिच्यामागे गेलो. ती बैलांना वैरण टाकत होती. वळून न बघताच म्हणाली, "मोटारीला काय बी झालं न्हाई. ह्यांचे कान गेलेत."

"कधीपासून?"

"मागल्या दिवाळीपासून. मोठं बोललेलं येतंय, बारीक येत न्हाई. सोता बी वरडून बोलतेत. मी हाक मारली की माझ्या तोंडाकडं बघतेत."

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

तिने वैरणीचा हात खाली केला. "काय सांगू? गावाचे आस ऐकनारा मानूस. त्येला सांगू का, तुमाला माझी हाक येत न्हाई म्हनून?" मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मोटार इकली तर इकली. पन शेवंताला शब्द दिलाय त्यायनी. तेवढा पुरा होऊ दे. बघते मी."

काय बघणार ते तिने सांगितलं नाही, आणि मला सुचलंही नाही. लग्न उरकलं, पाठवणीची वेळ आली. आतोबांनी हट्टाने मोटार दारात आणून उभी केली होती. नवरानवरी मागे बसली, त्यांच्या शेजारी पोचवायला म्हणून मी. थोरले बंधू आपला फेटा सावरत मानाच्या पुढच्या सीटकडे निघाले, आणि त्यांच्या आधी आत्या कपाळापर्यंत पदर ओढून तिथे जाऊन बसली. पाठवणीबरोबर आई जात नाही; लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही आई पीत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. शिवाय नवऱ्याच्या शेजारी, पुढे, थोरल्या दिरासमोर! ज्या दिरापुढे तिने उभ्या जन्मात मान वर केली नव्हती, त्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मला मागं मळमळतंय. आन् मी कुनाच्या घरी चालले न्हाई. मोटारीत बसले. मोटार आमचीच हाय." थोरल्या बंधूंनी फेट्यावरचा हात खाली घ्यायच्या आत आतोबांनी पहिला गिअर टाकला.

वेशीतून बाहेर पडताना आतोबांनी दांडा मधोमध आणला. मी पुढे वाकून पाहिलं. आत्याचा हात पदराखालून त्यांच्या मनगटाजवळ जाऊन टेकला होता. इंजिनाचा आवाज उतरत गेला, आणि एका क्षणाला तिच्या बोटाने मनगट दाबलं. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. मग तिसरा. इतकी वर्षं मागच्या सीटवर बांगड्या धरून बसलेल्या बाईने मोटारीचा सगळा सूर पाठ करून ठेवला होता. ओढ्याचा चढ गेला, जिंतूरजवळचा चढ गेला, खरखर नाही. आतोबा मोठ्याने म्हणाले, "एरंडेल लागू पडलं!" नवरदेवाने विचारलं, "कशाचं एरंडेल?" तेवढ्यात चढ आला होता. शेवंताने डोळे पुसता पुसता नव्या नवऱ्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

चारठाण्याच्या वेशीपाशी आत्या उतरली आणि जुन्या देवळाच्या सावलीत जाऊन बसली. लेकीच्या पाठीवरून तिने एकदा हात फिरवला, बस. तिथून लेकीच्या घरापर्यंत आतोबांनी मोटार एकट्याच्या जोरावर नेली, ती पहिल्या गिअरमध्येच, दांड्याला हातही न लावता. इंजिन नुसतं गर्जत होतं आणि मोटार मुंगीच्या पावलाने चालली होती. चारठाण्याची माणसं दोन्हीकडे उभी राहून म्हणत होती, "काय ऐट हाय! हत्तीवरून वरात निघाली जनू." मी मात्र आतोबांच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहत होतो. तेव्हा मला कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे.

परतताना दिवस कलला होता. आत्या वेशीपाशी गाडीत बसली, तिचा हात पुन्हा त्यांच्या मनगटावर गेला, आणि आम्ही जिंतूर मागे टाकलं. पुढे सपाट रस्त्यावर एका बैलगाडीमुळे आतोबांना दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. गाडी बाजूला झाली, मोटारीने वेग घेतला, आतोबांनी दांडा मधोमध आणला. पण आत्याचा बांध तिथेच फुटला होता. दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावून ती रडत होती, आणि मनगटावर हात नव्हता.

आतोबांनी गिअर टाकला नाही. ते समोर बघत थांबून राहिले. मोटार हळू होत गेली, अजून हळू झाली, मघाची बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली, आणि शेवटी मोटार रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. इंजिन बारीक आवाजात चालू होतं. दिवाळीपासून ओरडून बोलणारे आतोबा तेव्हा अगदी हळू बोलले. "रडून घे. घाई न्हाई. म्या अंतरपाट धरून बसतो."

आत्याने पदर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाला ठावं होतं?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "तुजं बोट मनगटावर आलं, तवा पटलं. गिअर माजेच बिघडलेत." आणि हसले. तिने हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला, या वेळी पदराखालून नाही. मोटार उभी राहिली होती, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मोटार विकली गेली नाही. पुढे महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा ती गोठ्याशेजारी कायमची उभी राहिली. संध्याकाळी दोघं तिच्यात पुढच्या सीटवर जाऊन बसत, असं शेवंता सांगते. आता ती दोघंही नाहीत. पण अजूनही कुणाच्या गाडीत बसलो आणि त्याचा हात गिअरच्या दांड्याकडे गेला, की मी बोलता बोलता मधेच थांबतो. लोकांना वाटतं, म्हातारा पुढचं विसरला.