नाल्याखालचा सपाट कातळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. जमिनीखालचं सगळं आपल्यालाच कळतं, असं समजणाऱ्या एका बाईची कशी जिरली ते सांगते. आणि ती बाई म्हणजे मीच!

दोन हजार सोळाचा उन्हाळा. नोकरीला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. आमच्या राऊत सरांनी मला तलासरीजवळच्या एका पाड्यावर एकटीला धाडलं. काम होतं भूमिगत बंधाऱ्याच्या पाहणीचं. म्हणजे नाल्याच्या वाळूखाली थेट कातळापर्यंत खणायचं आणि तिथून वर आडवी भिंत घ्यायची. जमिनीखालून निसटणारं पाणी अडतं आणि वरच्या अंगाची विहीर मे महिन्यातही आटत नाही. पण आधी खाली कातळ आहे का, किती खोल आहे, ते शोधायला हवं. कातळच नसेल तर भिंत काय हवेत उभी करणार?

"एकटी जमेल ना?" सरांनी विचारलं.

"हो सर, न जमायला काय झालं!" मी ठणकावून सांगितलं.

अर्ज होता खालच्या पाड्याचा. मला मात्र आवडली त्याच्या बरीच वरची जागा, वरच्या पाड्यावरच्या जानकीमावशींच्या विहिरीजवळची. नाला तिथे मस्त अरुंद झालेला. शिवाय दोन्ही काठांवर एकेक दगड रोवलेला. असेल कुणाच्या शेताची हद्द! मी एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणली. झाली आखणी!

जानकीमावशी कळशी घेऊन बघत उभ्या होत्या.

"मावशी, इथे खाली पक्का दगड आहे का हो?"

"हाय ना. चांगला पक्का हाय."

"कुठपर्यंत?"

"या काठापासून त्या काठापर्यंत."

"आणि किती खोल?"

"माणूसभर असंल. आमच्या घरच्यांनी तर..."

तेवढ्यात सरांचा फोन आला आणि मावशींचं वाक्य राहिलं. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात अनुभवाचं ज्ञान!

मग दोरीखाली आठ ठिकाणी सळई ठोकली. खण्ण! खण्ण! आठही ठिकाणी एकाच खोलीवर. सरांना कळवलं, "सर, कातळ इतका सपाट आहे, जणू फरशीच!"

"फरशी?" सर म्हणाले. "नाल्याखाली कातळ इतका शहाण्यासारखा वागत नाही. मशीन लाव, नमुना काढ."

पण मला कुठला धीर! त्याच संध्याकाळी अहवाल पाठवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी चारोटीहून ड्रिलिंगचं मशीन आलं, सोबत ते चालवणारे भिखूभाई. चार हात खोल भोक पाडून त्यांनी नळीतून दगडाची कांडी काढली. करडी, आणि तिच्यात छोटे छोटे खडे गच्च बसलेले. या भागात तर सगळा काळा पाषाण! लगेच सरांना फोन. "सर, वेगळाच खडक सापडलाय! दुर्मिळ आहे!"

"हात लावू नकोस, मी येतो."

भिखूभाईंनी कांडी उन्हात धरली, नखाने खरवडली. "बेन, आ पथ्थर नथी. आ तो सिमेंट छे."

"भिखूभाई, मी हे शिकलेय!"

"मी बी तेच सांगतेय," मावशी मागून म्हणाल्या. "आमच्या घरच्यांनीच तर पाट्या वाहिल्या. जुना बंधारा हाय ह्यो. ते दोन दगड त्याचीच खूण. आमाला वाटलं, म्याडम तपासायला आल्या."

जुना बंधारा! आणि मी त्याला भोक पाडलं होतं!

पायाखालची वाळू सरकली म्हणजे काय, ते मला नाल्यात उभं राहून कळलं. त्या भिंतीच्या जोरावर सगळ्या पाड्याची विहीर टिकून होती. आता पाणी निघून गेलं तर? मी धावत विहिरीवर गेले, टेप सोडली. अर्ध्या तासाने पुन्हा सोडली. पाणी चार बोटं उतरलेलं! आणखी अर्ध्या तासाने आणखी तीन बोटं!

"मावशी, विहीर गेली!" मी ओरडले.

"कुठं गेली?"

"पाणी उतरतंय हो! माझ्यामुळे!"

मावशींनी समोर बोट दाखवलं. कठड्याच्या पलीकडे पाच बायका कळश्या भरत होत्या. "अगं बाय, पाणी भरल्यावर उतरणारच की!"

तरी मी काही ऐकेना. भिखूभाईंकडून भोकात सिमेंट ओतून घेतलं आणि टेप धरून विहिरीवरच बसून राहिले. बायका घरी गेल्या, दुपार कलली, पाणी हळूहळू पहिल्या खुणेवर आलं. तेव्हा कुठे मला घाम पुसायचं सुचलं.

आणि तेवढ्यात सर पोहोचले. डहाणू रोडहून रिक्षा करून, दुर्मिळ खडक बघायला, हातात भिंग घेऊन! मी सगळं सांगून टाकलं. सांगताना दोनदा रडले. आता नोकरी जाणार, याची खात्रीच होती.

सरांनी कांडी पाहिली, मावशींकडे पाहिलं, मग खिशातून माझ्या अहवालाची प्रत काढली.

"'या ठिकाणी भूमिगत बंधारा शक्य आहे,'" त्यांनी शांतपणे वाचलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "चूक फार नाही गं. फक्त 'शक्य' तेवढं खोड."