जवळचं दाखवणारं रडार

बाळांनो, तुमच्या बोटीचं रडार मी कसं निवडलं, ते बाबाने तुम्हाला निम्मंच सांगितलं असणार. उरलेलं मी सांगते.

तुमच्याकडे उन्हाळ्यातही सकाळी समुद्रावर धुकं उतरतं. म्हणून तुमच्या आईने अट घातली की रडार बसल्याशिवाय मुलं मासे धरायला बोटीत चढणार नाहीत. बाबाने दोन रडारांची माहितीपत्रकं मला फोनवर पाठवली. मुरबाडच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, बारीक अक्षरातलंही वाचल्याशिवाय सोडत नाही, हे त्याला ठाऊक. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आई, दोन्ही बेकार वाटली तर तसं सांग. मग यंदा बोट राहू दे, सुट्टीत मुलांना घेऊन शहापूरलाच तुझ्याकडे येतो."

त्याने सहज म्हटलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या गाद्या उन्हात घातल्या.

शेजारीण कुंपणाशी थांबली. "कोणासाठी वो बाई? पोरं येतान?"

"ठरायचंय. बोटीला धुक्यात वाट दाखवणारं रडार घ्यायचंय, त्यावर आहे."

"मासं धरायला रडार? तुमच्या पोरांचं मासं काय विमानातून जातान? आमी तं दगडाखाली हात घालतो, रडारबिडार काय नाय."

मी हसले आणि गाद्या उलटल्या.

पहिल्या पत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हे रडार फार लांबचं बघतं. मला तेच आवडलं. तसं कळवलं, तर बाबा म्हणाला, "आई, आम्ही किनाऱ्यापासून फार दूर जातच नाही. एवढं लांबचं काय बघायचंय?"

मी पत्रकं पुन्हा वाचायला घेतली.

लहान बोटीवर रडार फार उंच बसवता येत नाही, पृथ्वीचा बाक आडवा येतो, म्हणून ते लांबचं बघणं बरंचसं कागदावरच राहतं. शिवाय त्या रडारला बोटीच्या अगदी जवळचं दिसत नव्हतं. दुसरं लहान, हलकं, बॅटरी कमी खाणारं. लांबची बढाई नाही, पण खडक, समोरून येणारी होडी, अगदी जवळपासचं सगळं दाखवणारं.

वाचताना मला सापगावची नदी आठवली. थंडीच्या दिवसांत तुमचे आजोबा बाबाला डोंगीत बसवून गळ टाकायला न्यायचे. पाण्यावर धुकं असायचं. परतायची वेळ झाली की मी काठावरून "कूऽऽ" असा कुकारा घालायची, म्हणजे आवाजाच्या रोखाने त्यांना येता यावं. शाळेतली बाई अशी ओरडते म्हणून आधी लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. धुक्यातून आजोबांचं "आलो गं" यायचं. एकदा ते "आलो गं" अगदी जवळून आलं आणि पाठोपाठ डोंगी काठच्या खडकावर आपटली. बाबा कमरेपर्यंत भिजला, धरलेले मासे नदीत परत गेले. आजोबा डोंगी ओढत म्हणाले, "गाव सापडतं गं. पायाशी आलेला खडक सापडत नाही."

"दोन्ही बेकार" एवढंच कळवलं असतं, तर तुम्ही आला असता. निम्मं तर खरंच होतं. गाद्या अजून अंगणातच होत्या.

मी लिहिलं, दुसरं घ्या. खांबावर बसवा, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर येईल असं, पण बोट डोलेल इतकं उंच नको. आणि आधी स्वच्छ सकाळी वापरा, म्हणजे डोळ्यांना दिसतं ते पडद्यावर कसं दिसतं, हे मुलांना कळेल. मग गाद्या गुंडाळून माळ्यावर ठेवल्या.

काल तुम्ही बोटीतून पाठवलेला व्हिडिओ आला. पडदाभर ठिपके, आणि तुमचा फक्त आवाज. "आजी, ही दुसरी बोट. हा खडक. आणि मधोमध आपण, पण आपण यात दिसत नाही."

रडार चांगलं चाललंय, मी पाहिलं. आता पुढच्या वेळी फोन पडद्यावर धरू नका. उलटा करा, तोंडांकडे.