सातव्या छिद्रापाशी अडलेले बोटेमामा

बोटेमामा माणसाचं तोंड शेवटी पाहत. आधी हात. कुंभकोणममधल्या त्यांच्या लाकूड कातण्याच्या दुकानात कुणीही शिरलं की मान वर न करता ते तिकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणत, "हात दाखीव." गल्लीतले लोक मुद्दाम विचारत, "मामा, लग्नाचा योग कधी?" मामा वैतागत. "लग्नाचं भटजीस विचार. मजला करंगळी पाहूं दे."

लाटणी आणि पाळण्यांचे खूर हा त्यांचा रोजचा धंदा. नाव मात्र नादस्वरासाठी होतं. सनईहून कितीतरी लांब असं हे वाद्य देवळाच्या मिरवणुकीत आणि लग्नात लागतंच. जुनी घरं मोडली की मामा तुळया आणत, कारण वर्षानुवर्षं वाळलेलंच लाकूड चालतं. छिद्रं वादकाच्या बोटांना सोसतील अशी पाडायची, हा त्यांचा हट्ट. "बाकीचे लाकूड पाहून भोक पाडतात," ते म्हणत. "वाजवायास लाकूड येतं काय?"

पन्नासच्या दशकात त्या भागात खालच्या, भारदस्त आवाजाच्या लांब नादस्वराची मागणी वाढली. आखूड वाद्यवाल्यांना बोलावणी येईनाशी झाली. जवळच्याच साक्कोट्टै गावचा चिन्नय्या त्यांतलाच एक. उत्तम वादक, पण बोटं आखूड. लांब वाद्याच्या सातव्या, शेवटच्या छिद्राला त्याचं बोट अर्ध्या अंगुळानं कमी पडे. "हे जमलं नाही तर भावाच्या शेतात भात लावायला जातो," त्यानं मामांना तमिळमध्ये सरळ सांगितलं.

मामांनी त्याचा पंजा फळीवर ठेवून दोऱ्यानं माप घेतलं आणि नवं नादस्वर केलं. दुकानात बोट पोचलं. दोन दिवसांनी चिन्नय्या परत. बसून पोचतं, चालताना सुटतं. मिरवणुकीत वाद्य वर उचललं जातं, कोपर उठतं, बोट मागे ओढलं जातं. मामा कपाळाला हात लावून बसले. "अय्यो, इतकीं वर्षें मी बसलेलीं माणसें मापलीं!"

मग चिन्नय्याला गल्लीत येरझाऱ्या घालायला लावून त्यांनी पुन्हा माप घेतलं. जुनं छिद्र खुंटीनं बुजवून नवं थोडं वर पाडलं. बोट बसलं, स्वर चढला. मेण भरून तो उतरवला, तर आवाज घुसमटला. शेवटी तिरकं छिद्र पाडायचं ठरलं: बाहेरून बोटाखाली, आतून मूळच्या जागी. त्यात चार लाकडं चिरली. चौथ्यांदा मामांनी भोकं पाडायचा सामता भिंतीवर फेकला.

"देवानं तुला बोटें दिलीं की भेंड्या?"

"शेवग्याच्या शेंगा मागितल्या होत्या, अण्णा. संपल्या होत्या."

मामा हसले नाहीत.

पाचवं लाकूड टिकलं. चालताना बोट पोचत होतं. बोट उचललं की वाजणारा त्या छिद्राचा स्वर जवळजवळ बरोबर होता. मामांना हे 'जवळजवळ' मान्य नव्हतं. त्यांना आणखी आठ दिवस हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाची मिरवणूक होती. "पुरे, अण्णा," चिन्नय्या म्हणाला आणि वाद्य घेऊन गेला.

मिरवणुकीत मामा अख्खी वाट त्याच्या शेजारून चालले. लोक माना डोलवत होते. मामा फक्त त्याचं शेवटचं बोट पाहत होते. ते सातव्या छिद्रावर आरामात टेकलं होतं आणि एकदाही उठलं नाही. त्या स्वराच्या जवळ आला की चिन्नय्या सफाईनं वर वळत होता.

वाटेत वादक पाणी प्यायला थांबले तेव्हा मामांनी विचारलं, "कसं बसलंय?"

"गादीवर बसल्यासारखं."

"मग उठत का नाही?"

चिन्नय्यानं धोतराच्या टोकानं घाम पुसला. "उठवलं तर लोकांना कळेल, अण्णा."

मामांनी वाद्य परत मागितलं, फुकट नवं करून देतो म्हणाले. चिन्नय्यानं दिलं नाही. "आता बोलावणी येतील. ह्याला हात लावू नका." बोलावणी आलीच. तो पुढे कित्येक वर्षं तेच वाद्य वाजवत राहिला, सहा छिद्रांवर, आणि त्याच्या वादनात काही कमी आहे असं गावात कुणी कधी म्हटलं नाही.

त्यानंतर मिरवणुकीच्या दिवशी मामा पहाटेच दुकानाला कुलूप लावून तिरुभुवनमला बहिणीकडे जात आणि दिवे लागल्यावर परतत.