टपावरची सायकल

पनवेलच्या आमच्या सायकल टीमचे डायरेक्टर एके काळी नावाजलेले रेसर होते, असं ते स्वतःच सांगतात. त्यांची गाडी मी चालवतो, त्यामुळे ते मला रोज ऐकावं लागतं. आता ते सायकलला पाय लावत नाहीत. एसीत बसून पोरांच्या मागे येतात, काच बोटभर खाली करतात आणि ओरडतात, "पाय आहेत की काठ्या? आमच्या वेळी…" पुढचं वाऱ्यात उडून जातं, तेच बरं.

सकाळी निघताना प्रत्येकाचा टायर ते अंगठ्याने दाबून बघतात. हवा जरा कमी लागली की चारचौघांत पाणउतारा ठरलेला. गाडीच्या टपावर, पंक्चर झालेल्याला द्यायची म्हणून, एक सायकल असते. ती त्यांचीच, जुनी रेसची. ती ते रोज पुसून चकचकीत ठेवतात.

परवाच्या मुलींच्या रेसमध्ये आमच्या टीममधली आपटा गावची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिचं चाक पंक्चर झालं. हात वर करून ती थांबली. "सर, वरची सायकल द्या ना, त्या मागच्या काय थांबनार हायत?"

साहेबांनी काच खाली केली. "ती इतिहास आहे, बाळा. इतिहास रस्त्यावर उतरवत नाहीत."

मागच्या सगळ्या पुढे निघून गेल्या. ती कडेला बसून चाक काढू लागली. मला राहवेना. उतरलो, टपाकडे हात नेला आणि त्यांच्यासारखाच अंगठ्याने टायर दाबला.

अंगठा थेट रिमला टेकला.