लढवय्या, वैद्य आणि आबा

कारेगावात मी आणि माझा रूम पार्टनर एकाच कंपनीत कामाला आहोत. गुरुवारी सुट्टी असली की आम्ही आपापल्या मोबाइलवर एकच गेम जोडीनं खेळतो. त्यात आपलं पात्र आपणच घडवायचं असतं. मी निम्म्या लेव्हल लढवय्याच्या घेतल्या, निम्म्या वैद्याच्या, आणि हातात काठी दिली. पार्टनर भडकला.

"ना धड हे, ना धड ते! एक काहीतरी धर की."

माझंही डोकं फिरलं. आबांपर्यंत आमच्या घरात सगळ्यांनी मेंढरं राखली. लांडग्याला हाणायचं एकानं आणि मेंढराचा मोडका पाय बांधायचा दुसऱ्यानं, अशी वाटणी आमच्यात कधी नव्हती. मी काही बदललं नाही.

एका गुरुवारी आबा कवठ्याहून खोलीवर आले होते. गेममध्ये नेमके लांडगे आले. पार्टनरचा अस्सल लढवय्या त्यांच्या मागं लांबवर धावला आणि आडवा झाला. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो, लांडगे काठीनं पिटाळले आणि त्याच्या जखमेला औषध लावायला बसलो.

आबा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"काठी हाय, औषध हाय, लांडगं बी हायेत," ते म्हणाले. "पर तुझी मेंढरं कुठं हायेत?"

मी पडलेल्या लढवय्यावर बोट ठेवलं.

"हे काय, आबा. उठंल आत्ता."